बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पडूनच असल्यामुळे निम्मा आपोआप घडला आहे). तुझं पत्र पोचलं. तब्येत ठणठणीत आहे, सुई टोचली तरी रक्त चुटकीसरशी थांबतं, हे वाचून तुझा हेवाच वाटला. स्टेंट तुला माझ्याआधी दोन महिने बसला, गोळ्या दोघांना त्याच, आणि माझ्या बोटाचं रक्त मात्र थांबता थांबत नव्हतं. असो. हे मी पुन्हा इस्पितळातूनच लिहितोय. घाबरू नकोस. अक्षर वाकडं आलंय ते औषधाच्या गुंगीमुळे (एरवीचं वाकडं तुला ठाऊक आहेच).

झालं असं, की बँडमास्तर आपला पांढराशुभ्र कोट घेऊन आले. कोपराला कसरीने भोक पाडलेलं. तू शिकवलंस तसे आतल्या शिवणीतले दोरे काढून मी रफू करायला बसलो आणि टोचली सुई. थेंब पडला तो नेमका छातीवर (कोटाच्या). थंड पाणी, साबण, हिची बोलणी, सगळं झाल्यावर डाग गेला. मग मी विचार केला (तिथेच चुकलं), की रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या कोट होईपर्यंत बंद ठेवाव्यात. पण टाकायच्या कुठे? हिची नजर केराच्या टोपलीतसुद्धा असते. म्हणून रोजची गोळी बटणांच्या डब्यात टाकू लागलो. पांढरी, गोल, चपटी. भोकं नाहीत एवढंच. कोटाचं एकच बटण लावायचं राहिलं आणि मी आडवा झालो. तापलेली इस्त्री छातीवर ठेवून कुणी विसरून गेलंय, असं वाटलं बघ.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात समजावत होत्या. रक्तात प्लेटलेट्स नावाचे बारीक कण असतात, जखम झाली की धावत येऊन एकमेकांना चिकटतात आणि रक्त थांबवतात. पण धमनीच्या भिंतीत चरबी साचून तिला चीर गेली, तर तिलाही ते जखमच समजतात; नव्या स्टेंटवर तर तुटून पडतात. मग गुठळी होते आणि वाट बंद. त्या बोलत होत्या, खिडकीचा पडदा हलत होता, आणि ताई, मला ते दिसायलाच लागले. इवले इवले रफूगार, चष्मे नाकावर, सुया हातात, तांबड्या संथ पाण्यातून ओळीने चाललेले. चीर दिसली की बसले मांडी घालून. रफूवर रफू, रफूवर रफू, करता करता बाहीच शिवून बंद! मी म्हणतोय, अहो पुरे, माणसाने हात कुठून घालायचा? कुणी मान वर करेल तर शपथ. सगळ्यांत पुढे तू होतीस, दोन वेण्या घालून, माझा शाळेचा सदरा शिवत. तुझ्यावर रागावताही येईना. इतकं शांत वाटत होतं, की तिथेच झोपून राहावं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी वाट मोकळी केली.

शुद्धीवर आल्यावर गोळ्या वेळेवर घेत होतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं (छाती दुखत होती तरी). इकडे ही कोटाचं शेवटचं बटण लावायला बसली, सवयीने ते ओठांत धरलं, तर बटण कडू! तडक डबा घेऊन आली आणि डॉक्टरीणबाईंसमोर पलंगावर ओतला. मला फार लाज वाटली.

आता ही स्वतः गोळी भरवते आणि वर आ करायला लावते.

तुझा धाकटा

ता. क. बँडमास्तरांना रफू कुठे आहे ते सापडलं नाही. खूश होऊन गेले.

आणखी ता. क. ताई, सगळं पत्र या एका गोष्टीसाठी लिहिलं. तुझं रक्त चुटकीसरशी थांबतं, हे पडल्या पडल्या आठवलं आणि माझी झोपच उडाली. या गोळ्या घेणाऱ्याचं इतक्या झटकन थांबत नाही गं. मला फार भीती वाटते आहे. आजच्या आज डॉक्टरांकडे जा. पत्र टपालाने न टाकता हिच्या हाती पाठवलंय. तू वाचते आहेस तोवर ती समोर बसलेली असेल. तिला तुझा बटणांचा डबा दे.