नेहमीचा डिपर एकदाच असतो

प्रिय लालटोपी,

पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय, पण इथे ते परकं वाटलं. इतकी वर्षं रोज सकाळी तुझ्या बसच्या काचेआड ती लाल लोकरी टोपी पाहिली, माझ्यासाठी तेच तुझं नाव. तुमच्या डेपोच्या कारकुनाला फोन केला, तर म्हणतो, अहो, रोज एकमेकांना डोळे मारता आणि साधं नाव विचारलं नाहीत? मग हसू आवरून त्याने सांगितलं, की त्या धुक्यातल्या सकाळी तू दिवे मिचकावून दिलेल्या डिपरवरून तक्रार आलीय, तुला घरी बसवलंय, सोमवारी चौकशी आहे आणि गोष्ट नोकरीवर आलीय. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मागे आमच्या डेपोत ड्रायव्हरांचा वर्ग घेतला होता. शिकवणारे साहेब म्हणाले, डिपर म्हणजे ‘सांभाळ, मी इथे आहे’, एवढंच. पुढच्याला दटावायला नाही, सलाम ठोकायला तर नाहीच. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, साहेब, मग बायकोच्या भावाची गाडी समोरून आली तर? सगळे हसले. मी खाली मान घालून तुझा विचार करत होतो. आपला रोजचा एक डिपर, ‘रस्ता मोकळा आहे, ये बाबा’, नियमात कुठेच बसत नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी तू दिलास आणि मीही दिला. वळणाआधी मी मनात देवाचं नाव घेतो. हल्ली त्यामागोमाग तुझी टोपी डोळ्यांसमोर येते.

त्या सकाळी माझ्या बसपुढे एक मोटार होती. धुक्यातून तुझे दिवे आले. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचनात. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मोटारवालाही थांबला, काच खाली करून तुला लाखोली वाहिली आणि तिथूनच फाट्याला वळून गेला. वळणापलीकडे आडवा पडलेला टँकर त्याने पाहिलाच नाही. तक्रारीत तो लिहितो, डोळे दिपले म्हणून मला थांबावं लागलं. देव त्याचं भलं करो, थांबला म्हणून तर लिहायला उरला.

तुमचे साहेब म्हणतात, ही ड्रायव्हरांची रोजची सलामी होती. म्हणून हे पत्र. सोमवारी मी येतोय. आमचा नेहमीचा डिपर एकदाच असतो, हे त्यांना माझ्याशिवाय कोण सांगणार? तो नियमाबाहेरचा होता हेही सांगेन, मग मला काय बोलायचं ते बोलोत. आणि एक गोष्ट तुला कळायची राहिलीय. त्या सकाळी माझ्या मागच्याच सीटवर माझी लेक होती, मांडीवर तिचं तान्हं बाळ. ब्रेक लागला तरी ते जागं झालं नाही. तीही बाळाला घेऊन येतेय, तुला बघायचंय म्हणते. ऊन असलं तरी तेवढी टोपी घालून ये, नाहीतर आम्ही तुला ओळखायचं कसं?

तुझाच,
समोरून येणारा