आतून भरीव

४ फेब्रुवारी
घटस्फोटाचे कागद झाले त्याला महिना झाला. मी पूर्णपणे सावरलो आहे. ताईला पटत नाही. तिने परस्पर माझं नाव मातीच्या शिल्पांच्या क्लासमध्ये घातलं. म्हणाली, घुम्यासारखा बसतोस, निदान हात तरी हलव. मी घुमा नाही, हे तिला सांगितलं. जरा ओरडूनच सांगितलं गेलं. जाईन, पण केवळ तिच्या समाधानासाठी.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
क्लास एका गॅरेजमध्ये. शिकवणाऱ्या बाई, एक निवृत्त डेंटिस्टकाका आणि मी. काका फुलदाणी करत होते. ती थेट दाढेसारखी दिसते. हसलो नाही. (मनात हसलो. नोंद असावी.)
बाई म्हणाल्या, आधी साबणाची डिश करा. नम्रपणे नकार दिला. मला संकल्पना सुचली आहे: ताठ उभा पुरुष. नाव 'सावरलेला'. लेक दर रविवारी माझ्याकडे येते आणि आल्या आल्या फ्रिज उघडून बघते, मी नीट जेवतो की नाही ते. तिने ही काळजी सोडावी. शिल्प बघून सोडेल.

१८ फेब्रुवारी
बाईंचं म्हणणं, अहो, आतून पोकळ करा. जाड माती आत ओली राहते, भट्टीत त्या पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की फुटते.
शास्त्र मान्य. पण सावरलेला माणूस आतून पोकळ? मग अर्थ काय उरला? भरीवच राहील. तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, अर्थाचं तुम्ही बघा, भट्टी माझी आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार
लेकीला क्लासला नेलं. तिने तासाभरात मांजर केलं. पोकळ. पोटाला पेन्सिलने भोकही पाडलं. बाई तिला शहाणी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. उगाच.
लेकीने 'सावरलेला'भोवती फेरी मारून विचारलं, बाबा, हा स्टॅच्यू खेळतोय का? मी म्हणालो, तो खंबीर आहे. ती म्हणाली, हं.
तिची आई अगदी असंच 'हं' म्हणते. मला काहीही वाटलं नाही. जेवलो नाही, पण भूकच नव्हती.

११ मार्च
आज भट्टी लावली. बाईंनी विचारलं, भोक पाडलंत ना? मी हो म्हणालो. भोक आहे. पायाखाली, बोटाचं एक पेर खोल. त्यापुढे काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. हे खोटं बोलणं ठरतं का? बराच विचार केला. ठरत नाही.
लेकीचं मांजर त्याच्या शेजारीच ठेवायला लावलं. आधार म्हणून.

१३ मार्च
फुटला.
नुसता फुटला नाही, शेजाऱ्यांना घेऊन फुटला. दाढेचा टवका उडाला. मांजराची शेपटी गेली. बाईंनी झाडू हातात दिला. काकांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, वेळेवर रूट कॅनाल केलं असतं तर वाचला असता.
तुकडे गोळा करताना डोळ्यांत धूळ गेली. पुष्कळ गेली.
संकल्प: लेकीला सांगायचं, भट्टीत दोष होता.

१५ मार्च, रविवार
तुकडे, मांजर आणि थोडी माती घरी आणून ठेवली होती. भट्टीत दोष होता, असं सांगितलं. लेकीने एक तुकडा उचलला, उलटासुलटा केला. म्हणाली, बाबा, हा तर आतून भरलेलाच होता. मग खरं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने शेपटी चिकटवायला घेतली. वाकडी बसली. म्हणाली, असू दे, बसलेलं मांजर वाटतंय.
मग मला नवा गोळा घ्यायला लावला. साबणाची डिश करतो आहे. तिने समोर बसून, पेन्सिल हातात खेळवत, विचारलं, बाबा, तू बरा आहेस ना? मी म्हणालो, एकदम.
तिने पेन्सिल माझ्या पोटाला लावली.
म्हणालो, तसा फारसा नाही.
ती म्हणाली, हं. आणि फ्रिजकडे गेली.