मिरच्या कुटायची किंगपिन

आबा, हे मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मला लिहिता येत नाही, ही तुमचीच कृपा. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं म्हणा. सही करायची वेळ आली की जीभ दातांत धरून बसायचात, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्तरी मोठ्या विचारात पडलाय. त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं असतं तरी काही उपयोग नव्हता. आणि तुम्हाला अहो-जाहो करते आहे ते आदरानं नाही, जिभेला वळण पडलंय म्हणून. सून हसते आहे. तिला म्हटलं, ते लिहू नकोस. तरी तिनं लिहिलंच.

परवा नरडाण्याकडचा एक जुना ट्रक तुमच्या नातवाकडे आला. तुमच्या म्हणजे माझ्या पोराकडे. तुम्हाला मुलगा झाला नाही, म्हणून जावई घरी आणून बसवलात आणि त्याच्यामागून गॅरेज माझ्या पोराकडे आलं. ट्रकच्या किंगपिना गेलेल्या. पुढचं चाक ज्या खिळीवर डावं-उजवं वळतं ती खीळ, दाराच्या बिजागरीत असते तशी, फक्त मनगटाएवढी. पोरानं चाक काढलं, ड्रम काढला, पिनला आडवी अडकवलेली कॉटर काढली, दोन दिवस रॉकेल सोडलं, गॅसनं एक्सल तापवला, घण घातला. उजवी निघाली, डावी हलेना. मग तो स्वयंपाकघरात आला. "आई, तुना बत्ता दे." माझा बत्ता म्हणजे पण एक जुनी किंगपिनच. झिजून थोडी बारीक झालेली, म्हणून अडकलेल्या पिनवर ठेवून वरून घण मारायला बरोबर बसते. डावी पिन खाली पडली. मग त्यानं माझा बत्ता पुसला आणि उजेडात धरून फिरवून बघितला. "आई, ही पिन बिगर ग्रीसनी, कोरडी चालेल शे. हे ओरखडे देख. कोन्या गाढवनी बसाडी व्हती?"

त्याच्या डोक्यावर भिंतीला तुमचा फोटो. प्लॅस्टिकचा हार घातलेला, मिशा काळ्या केलेल्या. पोरगा रोज सकाळी शटर उघडलं की आधी त्या फोटोला हात जोडतो. मी फोटोकडे बघितलं. म्हटलं, "माले काय माहीत? भंगारमधली व्हई." आणि बत्ता घेऊन आत आले.

म्हणून हे पत्र. आता नीट ऐका, जिवंतपणी कधी ऐकलं नाहीत तसं.

मी सात-आठ वर्षांची होते तेव्हा शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. मुलीला पाठवा म्हणाल्या. तुम्ही ट्रकखालून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाहीत. "ही शाळेत गेली तर ब्रेक कोण दाबील?" बाईंना काय कळणार. पण मला कळत होतं. चाक जॅकवर उचलायचं, वर-खाली धरून हलवायचं. हललं तर एकतर चाकाची बेरिंग गेलेली, नाहीतर किंगपिन. मग वर बसलेल्यानं ब्रेक दाबायचा. हलणं थांबलं तर बेरिंग, नाही थांबलं तर किंगपिन. त्या पेडलवर मी दोन्ही पायांनी उभी राहायची, स्टेअरिंगला लटकून. खालून तुम्ही ओरडायचात, "दाब!" मी दाबायची. "सोड!" मी सोडायची. माझी बाराखडी एवढीच. सगळ्या धुळे जिल्ह्यात चाक हलवणारे पुष्कळ असतील, पण पोरीची शाळा घालवून ब्रेक दाबून घेणारा तुमच्यासारखा कारागीर एकच.

ब्रेक झाला की ग्रीसचा पंप. तुम्ही नळी धरायचात, दांडा मी मारायची. आणि दर वेळी गिऱ्हाइकासमोर सांगायचात, "पोरीची सावली हत्यारावर पडली तर काम बिघडतं, पण काय करता, माणूस मिळत नाही." पंपाला माझी सावली लागत नसावी.

ज्याच्यासाठी हे पत्र, तो ट्रक सावद्याचा होता. केळी भरून सुरतेला चाललेला. ड्रायव्हर साक्रीकडचा, सगळे त्याला नाना म्हणायचे. शांत माणूस, चहा पिऊन झाला की कप स्वतः विसळून ठेवायचा. तुम्ही कधी ठेवला नाहीत. केळी पिकायला लागलेली म्हणून घाई. तुम्ही डावी पिन नवी घातली, पिन ज्यात फिरते ते पितळेचे बुश नवे ठोकले. बुशला एक भोक असतं. ते बाहेरच्या ग्रीसच्या भोकासमोर यायला पाहिजे, काजासमोर बटण यावं तसं. त्यातून तार घालून बघायची असते. तुम्ही तार घातली नाहीत. मिस्तरी ना तुम्ही, तुम्हाला तार कशाला! मी दांडा मारला तर तो दगडासारखा. दुसऱ्यांदा मारला, ग्रीस सगळं नळीशेजारूनच उलटं आलं. आत भरलं की ते सांध्यातून बाहेर येतं, तिथं एक थेंब नाही. म्हटलं, "आबा, ग्रीस आत जात नही शे."

"तुना हातमा जोर नही शे," तुम्ही म्हणालात. आणि मग तुम्ही जे केलं ते मी अजून बघते आहे. तुम्ही बोटावर ग्रीस घेता. सांध्याभोवती गोल फिरवता, भाकरीला तेल लावावं तसं. मागे होऊन बघता. छान दिसतं. मग ओरडता, "नाना, देख, ग्रीस कसं बाहेर येई ऱ्हायनं!" नाना वाकून बघतो आणि हात जोडतो. आबा, चोर निदान अंधाराची वाट बघतो. तुम्ही भर दुपारी, पोरीच्या डोळ्यांसमोर.

दहा दिवसांनी नाना परत आला होता. ग्रीस आत जात नाही म्हणाला. स्टेअरिंग जड लागतं म्हणाला. तुम्ही जेवत होतात, उठलाही नाहीत. "नवी पिन आहे, घट्टच राहणार. चालव." त्याला पाणी मी दिलं.

पुढच्या महिन्यात कोंडाईबारीच्या घाटात वळलेलं चाक सरळ झालंच नाही. नानानं ट्रक दरीकडे जाऊ दिला नाही, डोंगरात घातला. हात मोडला. सगळी केळी रस्त्यावर. ट्रक ओढून आपल्याकडे आणला, आणि सावद्याचा मालक आला, आणि गळ्यात हात बांधलेला नाना आला. तुम्ही सगळ्यांसमोर सांधा उघडलात. पिन निळी पडलेली, ओरखडलेली, कोरडीठाक. तुम्ही ती मालकाच्या हातात दिलीत. "देखा. यानं कधी ग्रीस मारलंच नाही."

नाना म्हणाला, "आबा, मी तुमच्याकडे सांगायला आलतो."

"कधी? कोणी पाहिलं?"

नानानं इकडे तिकडे बघितलं. मी दारात होते. "या पोरीनी पाणी दिलं माले. पोरी, तू सांग ना."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. डोळे वटारले नाहीत, खोटं कशाला सांगू. नुसतं बघितलंत. मी म्हटलं, "माले काय माहीत नही."

मालकानं तिथंच नानाकडून किल्ली मागून घेतली. नानाच्या उजव्या हाताला लाकडं बांधलेली, त्याला डाव्या हातानं उजव्या खिशातली किल्ली काढता येईना. मालकालाच काढावी लागली. त्यानंतर आपल्या रस्त्यानं तो कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती पिन घासून आणलीत आणि माझ्या पुढ्यात ठेवलीत. "घे, मिरच्या कुटायला." मला वाटलं, काहीतरी दिलंत. पुढं कितीतरी वर्षांनी, लेकरं झाल्यावर, ठेचा कुटता कुटता लक्षात आलं. गॅरेजात ठेवली असती तर एखाद्या जाणत्यानं उचलून बघितली असती. चुलीजवळ कोणता मिस्तरी येतो? तुमच्या आयुष्यात डोकं लावून केलेलं काम तेवढंच असेल. आणि तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, असा कारागीर होणे नाही. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडते आहे.

माझ्या पोरानं परवा नवे बुश ठोकल्यावर सायकलची तार घेतली आणि भोकातून आरपार घालून बघितली. कोणी शिकवलं, आबा? तुम्ही नाही. मी शिकवलं, ब्रेकवाल्या पोरीनं. मग तो म्हणाला, "आई, जरा दांडा मार." मी मारला. मऊ गेला. सांध्यातून ग्रीस आपोआप बाहेर आलं, गोल, बोट न लावता.

सून विचारते आहे, हे त्यांना वाचून दाखवू का? त्या फोटोला हात जोडायचं पोरगा सोडील, आणि मग मला विचारील की तू का गप्प होतीस. म्हणून नको. घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेव म्हटलं, तिथं पण कोणता मिस्तरी येत नाही. खरं तर हे नानाला सांगायला हवं होतं. साक्रीकडचा म्हणजे कोणत्या गावचा, एवढंही मी कधी विचारलं नाही.

आता एकच राहिलं. सुनेला म्हटलं, हे बारीक अक्षरात लिही. पिन देताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि म्हणाला होतात, "शानी शे तू." जन्मात एकदाच म्हणालात, आणि कशासाठी म्हणालात ते मला तेव्हाही कळलं होतं. तरी, आबा, मला बरं वाटलं होतं.