डोंगराच्या तोंडावरचे घर

मी, खू बीलिआन, कै. कान थिआनहॉक यांची विधवा, वय शहात्तर, राहणार किमखेन, कीलुंगच्या वरचा डोंगर, तैवान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, कान शाबूत आहेत, आणि जीभ किती शाबूत आहे ते यू घराण्याला विचारावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. रागाच्या भरात मात्र लिहीत आहे, पण हा राग चांगला मुरलेला असल्यामुळे तो विचारपूर्वक आहे असेच समजावे.

१. पोस्टातली शिल्लक पुतणी सिओकतिन हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझ्या अंत्यविधीचा आणि कलम चारमधल्या कामाचा खर्च त्यातून भागवावा, उरेल ते तिचे. फार रडू नये, रडली की तिला शिंका लागतात.

२. सोने धुण्याची माझी लाकडी परात शेजारीण ल्याव गेकहून हिला. किमखेनच्या बायकांना बोगद्यात पाऊल टाकायची बंदी होती. बाई आत गेली तर सोन्याची शीर आटते आणि डोंगर कोसळतो म्हणे. म्हणून पुरुषांनी बाहेर टाकलेला गाळ आम्ही दोघी ओढ्यात बसून धुवायचो. परातीला चीर गेली आहे. गेकहूनने त्यात लसूण वाळवावा.

३. माझ्या नवऱ्याचा जादाचा हातोडा ठेकेदार यू कोकहिंग यांस. त्याची हकिगत लिहिणे भाग आहे.

जपानी राज्य गेल्यावर इथला डोंगर तुकड्यातुकड्यांनी ठेकेदारांच्या हाती गेला. आमचा तुकडा यूकडे आला. हा माणूस पाळी सुटली की कामगारांना स्वतःच्या हौदात आंघोळ करायला लावी, केस विंचरून बघे, तोंडात बोटे घाली, आणि नंतर हौदाचा गाळ गाळून घेई. पुढे शीर बारीक झाली. जुन्या लोकांनी छताला आधार म्हणून दगडाचे खांब सोडले होते, त्यांत सोने होते. यूने ते खांब फोडायला सांगितले. थिआनहॉकने मला जेवताना सांगितले, "मी म्हटलं त्याला, ठेकेदार, हा खांब काढला तर डोंगर डोक्यावर येईल. तर म्हणतो, डोंगर तुझा की माझा? फोड गुपचूप."

दुसऱ्या दिवशी छत आले. आत माझा नवरा आणि गेकहूनचे दोन्ही भाऊ अडकले. बाहेरून सगळ्यांना ऐकू येत होते, हातोडा दगडावर वाजत होता, थांबून थांबून. मी आत जायला धावले. यूने माझा दंड धरून मागे ओढले.

"ए बाई, मागे हो! तू आत पाय टाकलास तर उरलेला डोंगरपण खाली येईल."

"अहो, ऐका ना, ते ठोकताहेत!"

"पाणी ठिबकतंय."

गेकहून किंचाळली, "पाणी असं थांबून थांबून ठिबकतं होय रे, मेल्या?"

बाकीचे पुरुष पायांकडे बघत उभे राहिले. सगळ्यांच्या घरी यूचाच तांदूळ शिजत होता. उकरायचे तर शेजारच्या बोगद्याचे काम बंद ठेवावे लागले असते, म्हणून त्याने दुसऱ्या सकाळी दगड-सिमेंटने तोंड बुजवून टाकले. नखातला चिखलसुद्धा जो सोडत नव्हता, त्याने तीन अख्खी माणसे डोंगरात सोडली. भरपाई म्हणून मला एक पोते तांदूळ दिला, आणि बुजवलेल्या तोंडापुढची जागा दिली, कारण ती कोणीच घेत नव्हते. तिथे मी घर बांधले. चूल त्या भिंतीला लागून घातली, त्यांना ऊब लागावी म्हणून. भिंत फोडायला पुरुष हवा होता, तो मला किमखेनमध्ये सापडला नाही.

४. घर. सोने संपले, तरुण पोरे तैपेईला गेली, आणि आता समुद्र बघायला शहरातून झुंडी येतात. सगळ्यात चांगला समुद्र माझ्या खिडकीतून दिसतो. यूचा मुलगा बुनलिआंग दर सणाला अननसाचा केक घेऊन येतो.

"काकू, एकट्या कशाला राहता? इथे चहाचं दुकान टाकलं ना, तर रांगा लागतील रांगा!"

"आणि चुलीमागची ही भिंत?"

"तिला नको हात लावायला. तिच्यावर मोठा आरसा लावू."

म्हणजे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच हे घर मी त्यालाच देते, पण पुढील अटींवर. त्याने आधी बोगद्यासाठी लाकडी टेकू तयार ठेवावेत आणि भिंत फुटताच वाट उकरून ते लावून घ्यावेत. त्याच्या जिवावर मी उठलेले नाही, आधार काढून घ्यायची सवय त्याच्या घराण्याची आहे. मग पर्यटकांची गर्दी असेल अशा रविवारी म्हाताऱ्या यूला चाकाच्या खुर्चीतून भिंतीसमोर आणावे, कलम तीनमधला हातोडा त्याच्या हातात द्यावा आणि पहिला घाव त्यानेच घालावा. हात थरथरत असेल तर दुसऱ्याने धरावा. बुनलिआंगने तिघांचाही मुलगा म्हणून तागाचे सुतकी कपडे घालून आत जावे, हाडे आणावीत, माझ्या मोरीत धुवावीत आणि कुंभांत ठेवावीत. त्यानंतरच त्याने खुशाल चहा विकावा.

५. त्याने नकार दिल्यास हे घर नगरपालिकेला सार्वजनिक शौचालयासाठी द्यावे. आमच्या गल्लीत त्याची फार गरज आहे. दार गल्लीतल्या यूच्या सध्याच्या दुकानाच्या बरोबर समोर असावे आणि ते फुकट असावे. मग भिंत नगरपालिकेकडून फोडून घ्यावी आणि हाडांचे व कलम सहामधले काम सिओकतिनने करावे.

६. मला जाळावे. हाडे आणायला जाताना माझा अस्थिकलश बुनलिआंगने पाठीला बांधावा, आत्म्याला ऊन लागू नये म्हणून वर काळी छत्री धरावी, आणि मला त्या तोंडातून आत न्यावे. ज्याच्या बापाने मला तोंडाशीच मागे ओढले, त्याच्याच पाठीवर बसून मी आत जाणार. येताना प्रत्येक वळणावर मोठ्याने हाक मारावी, नाहीतर मेलेल्याला वाट सापडत नाही. गेकहूनच्या भावांना कसे बोलवायचे ते ती सांगेल. माझ्या माणसाला असे म्हणावे:

"थिआनहॉक, उजवीकडे वळ. डोकं सांभाळ, इथे छत खाली आलंय. आता पायरी आहे. हा उजेड आपल्या स्वयंपाकघरातला. तुला न्यायला बीलिआन आत आली होती रे. बघ, डोंगर कोसळला नाही."

स्थळ : किमखेन, चुलीशेजारी
दिनांक : १५ ऑगस्ट २००८, सातव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा

सही : खू बीलिआन

साक्षीदार :
१. ल्याव गेकहून, शेजारीण. आत असलेल्या दोघांची बहीण.
२. च्वा एकसिन, भूमिदेवाच्या देवळाचा पुजारी. त्या दिवशी तोंडाशी उभा होता. आवाज त्यानेही ऐकला होता, असे सही करताना आज पहिल्यांदा म्हणाला.