धवलारणीची थोरली

नेरूळ,
१८ जानेवारी

चि. उज्वला,

आशीर्वाद. गुडघा बरा आहे. गिझर बिघडलाय, दुरुस्तीवाला नुसता 'येतो येतो' म्हणतोय. एवढी खुशाली पुरे. हे वाचून फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मग मीच तुझी समजूत घालत बसते.

काल तुमच्या सोसायटीच्या वाचक मंडळात तू इशबेल कॅरनीवर बोललीस. मी मागच्या खुर्चीत होते. त्या स्कॉटिश बाईच्या कादंबऱ्या तुला कोणी वाचायला दिल्या? मी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर जप्त करायच्या, म्हणून भूगोलाचं कव्हर घालून मी त्या घरी आणायचे. आणि तू बाकी सगळं सोडून आधी लग्नाचं प्रकरण शोधायचीस.

आणि काल काय म्हणालीस? "कादंबऱ्यांत तिकडच्या कोळ्यांच्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची लग्नं लावली हिनं. स्वतः मात्र भावाची पोरं सांभाळत, किचनमध्ये टाइप करत म्हातारी झाली. बिचारी! डिट्टो आमची ताई."

बायका हसल्या. तुमच्या मंडळातली ती चारुलता तर ठसका लागेपर्यंत हसली. नंतर मला चहा देताना तू म्हणालीस, "टेन्शन नको घेऊस गं, मस्करी होती."

मस्करी? मग तुझ्या रुतिकाला काय सांगितलंस? पोरगी मला म्हणाली होती, "मावशी, माझ्या हळदीला तूच धवले गा, आजीसारखे." त्यावर तू तिला म्हणालीस, "डीजे बुक केलाय. आणि ताईचं स्वतःचंच लग्न झालं नाही, तिनं गाणं बरं दिसत नाही." माझ्यापाशी येऊन रडली ती.

बरं दिसत नाही! आपली आय, येसूबाई, भर तारुण्यात विधवा झाली. तरी शिरवण्यापासून दिघ्यापर्यंत आगऱ्यांच्या घरात तिच्या धवल्यांशिवाय, लग्नाच्या त्या गाण्यांशिवाय, हळद लागत नव्हती. नवरीची आई तिच्या पाया पडायची. धवले गाणाऱ्या धवलारणीला कोणी बिचारी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. कॅरनीबाईंनी दुसरं काय केलं? लोकांची लग्नं लावली, आणि ती नीट लावली.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर आयची वाचा गेली, ते तरी आठवतं का? पाणी मागता येत नव्हतं. पण धवला सुरू केला की शब्द न् शब्द ओठांवर यायचा. रोज तिला न्हाऊ घालताना मी तो उचलला. त्याच वर्षी रबाळ्याच्या कंपनीतल्या दिपेशचं स्थळ आलं होतं. माणूस मला आवडला होता. त्याच्या घरच्यांची एकच अट: आईला धाकटीकडे ठेवा. मी ऐरोलीला, तुझ्या सासरी आले. तुला विचारलं. तू म्हणालीस, "बघते."

अजून बघतेच आहेस.

हे मी कधी काढलं नाही. काढणारही नव्हते. काल तू माईक हातात घेऊन काढायला लावलंस.

तेव्हा आता ऐक. हळदीला मी सकाळीच येईन. डीजेला संध्याकाळी काय तो धिंगाणा घालू दे. रुतिका पाटावर बसली की मी गाईन. तिनं मला बोलावलंय. धवल्यात नवरीच्या आईचं नाव घ्यावं लागतं. ते मी घेईन, मोठ्यानं घेईन, आणि माझा आवाज कापणार नाही. तू फक्त तेव्हा समोर उभी राहा, आत जाऊ नकोस.

येसूबाईची थोरली,
तुझी ताई