तीन बोटांचे वळ

सोमवार, ३ जून
"खरं सांगितलं तर घरी सोडाल ना, बाई?" रुग्णालयाच्या फॉर्मातल्या सातव्या प्रश्नाला एका पेशंट आजीनं मलाच उलट विचारलं.

प्रश्न सातवा — कर्मचाऱ्यांची वागणूक कशी होती? आजीच्या दंडावर तीन बोटांचे काळेनिळे वळ. तिनं 'उत्तम'वर बोट ठेवलं, मी खूण केली. मग कार्ड दिलं. आधी फॉर्म, मग घरी जायचं कार्ड — ही शक्कल माझीच. एकही फॉर्म सुटत नाही!

मंगळवार, ४ जून
शंभरात अठ्ठ्याण्णव रुग्ण समाधानी. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मामा वॉर्डभर मिरवत होता, "भाची कोणाची?"

मामा इथला वॉर्डबॉय. बाबा गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. मी कॉलेजात जावं म्हणून छापखान्यात दुसरी पाळी धरली. तिथल्या यंत्रात त्याचं एक बोट गेलं.

गुरुवार, ६ जून


बारा नंबरच्या म्हाताऱ्यानं अंथरूण ओलं केलं. मामा ओरडला, "तुझ्या बापाचा नोकर आहे का मी?" आणि कानाखाली जाळ काढला. म्हातारा खाटेच्या दांडीवर आपटला. भुवई फुटली, उशी लाल. त्याचा मुलगा पाणी घेऊन येत होता. त्यानं बाटली टाकली, सलाइनचा स्टँड उचलला. एक पाठीत. एक हातावर — हाड मोडल्याचा आवाज आला. एक डोक्यात. बाकीचे वॉर्डबॉय धावत आले तेव्हा मामा पडला होता. मग सगळ्यांनी मुलाला तुडवलं. त्याचा दात माझ्या चपलेपाशी आला. म्हातारा म्हणत होता, "नका मारू, चूक माझी आहे."

मी फॉर्म छातीशी धरून उभी.

शुक्रवार, ७ जून
मामाला अकरा टाके. मुलगा कोठडीत. म्हाताऱ्याजवळ कोणी नाही.

मोठे साहेब म्हणाले, "सुरुवातीपासून स्टाफपैकी तूच एकटी तिथं होतीस. शिकलेली आहेस, नीट लिही. विनाकारण हल्ला."

आई म्हणाली, "ज्यानं घास भरवला त्याच्यावर उलटू नकोस. नोकरी जाईल त्याची."

मामानं एवढंच विचारलं, "काय पाहिलंस?"

"सगळं."

तो भिंतीकडे वळला.

शनिवार, ८ जून
चौकीत जबाब देऊन आले. पहिला हात मामानं उचलला, असं लिहून सही केली. आजीच्या दंडावरचे वळही लिहिले. तीनच बोटांचे होते, आणि कोणाचे ते मला सोमवारीच कळलं होतं — तेसुद्धा लिहिलं.