मी रीगाला गेलोच नव्हतो

खुजंद, रविवार

आदरणीय नेमत-अका,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा सलाम घ्यावा. तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? यंदा जर्दाळूला फुलोरा चांगला आला म्हणे. इस्फराहून येणारा प्रत्येक टॅक्सीवाला तेच सांगतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे घर ठीक आहे, छप्पर ठीक आहे, मीही दिसायला ठीक आहे. तुमची बहीण सओदत तुमच्याकडे येऊन बसली आहे, एवढंच काय ते कमी. फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन हल्ली तीच उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती पाठवतोय. कृपा करून गोठ्यात जाऊन वाचा.

तिने तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. म्हातारपणी माझं डोकं फिरलं, रीगा शहरातल्या कुणा बाईशी माझं काहीतरी चालू आहे, हेच ना? अका, मी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला. रीगा कुठे आणि खुजंद कुठे हे मला झोपेतही सांगता येईल. (तरुणपणी मी तिथे शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो, हे खरं. सओदत दाखवत असेल त्या जुन्या फोटोत माझ्या शेजारी सोनेरी केसांची बाई उभी आहे, हेही खरं. ती शिबिरातली स्वयंपाकीण होती आणि तिच्या हातातला डाव मला मारायलाच उगारलेला आहे, कारण मी तिसऱ्यांदा सूप मागितलं होतं.)

झालं असं. दूरच्या एका माणसाशी मी रोज फोनवर बोलतो, पण आता चेहरा बघत बोलायचं होतं. (कोण माणूस, ते पुढे येईल.) आमच्याकडे त्या फोनाफोनीत चेहरा दिसायच्या आत चित्र गोठतं आणि आवाज विहिरीत पडतो. फिरुझा, माझी जुनी विद्यार्थिनी, बाजारापाशी मोबाइल दुरुस्त करते. तिने माझ्या फोनमध्ये व्हीपीएन नावाची गोष्ट घालून दिली आणि चेहरा लख्ख दिसू लागला. पण माझा आणि सओदतचा, दोन्ही फोन एकाच खात्यावर आहेत. लगेच तिच्या फोनवर सूचना आली : तुमचं खातं आत्ता रीगाहून उघडलं आहे. त्या वेळी मी मागच्या खोलीत दार लावून बसलेलो.

"कुठे होता तुम्ही?" तिने विचारलं.

"इथेच, मागच्या खोलीत."

"फोन तर रीगा म्हणतो. आणि दार का लावलं होतं?"

दाराचं सोडून मी जेवणाचं विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन म्हणाला वॉर्सा. सओदतने नुसतं माझ्या बुटांकडे पाहिलं, धूळ लागली आहे का म्हणून.

तेवढ्यात बँकेच्या अ‍ॅपने माझं पेन्शनचं कार्ड बंद केलं. मी धावत बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलाने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही पोलंडमध्ये आहात."

"बाळा, मी तुझ्यासमोर उभा आहे."

"ते मला दिसतंय हो. पण सिस्टीमला नाही ना दिसत."

मागची बाई म्हणाली, "पोलंडला निघालाच आहात तर रांग तरी सोडा."

मग मी फिरुझाच्या दुकानात जाऊन बसलो आणि म्हणालो, "मला समजल्याशिवाय हलणार नाही."

ती म्हणाली, "मुअल्लिम, इंटरनेटवर प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. तुम्ही काही मागवलं की त्यावर तुमचा पत्ता जातो, नाहीतर उत्तर कुठे आणून द्यायचं? व्हीपीएन लावलं की तुमची मागणी बंद पाकिटातून आधी रीगातल्या, कधी वॉर्सातल्या, एका कॉम्प्युटरकडे जाते. तो पाकीट फोडतो, स्वतःचा पत्ता घालतो, पुढे धाडतो. उत्तर त्याच्याकडे येतं, तो तुमच्याकडे पोचवतो. समोरच्याला वाटतं, मागणारा रीगाचा."

"आणि ते बंद केलं की मी खुजंदचा?"

"बंद केलं की तुम्ही दुशान्बेचे. तुमचा खरा पत्ता इंटरनेटच्या कंपनीने तिथल्या नावावर घेतलाय."

"अगं, मग मी नक्की आहे कुठे?"

"माझ्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. उठा आता."

व्हीपीएन बंद करून बँकेत गेलो तेव्हा कार्ड सुरू झालं, पण घरी येऊन पाहतो तर सओदत तुमच्याकडे निघून गेलेली. तिला एवढंच सांगा की पत्ता फिरला, माणूस फिरला नाही. तुम्ही मोठे आहात, तुमचं ती ऐकते.

तुमचा,
बुरहोन

ता.क. : अका, तो दूरचा माणूस म्हणजे आमची लेक दिलरबो. ठरलेलं लग्न मोडून तिने स्वतः निवडलेल्या मुलाशी लग्न केलं आणि कझानला गेली, तेव्हापासून सओदतने या घरात तिचं नाव काढू दिलेलं नाही. मी रोज दुपारी तिच्याशी बोलतो. गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. हे सओदतला सांगायची माझी छाती होत नाही. तुम्हीच सांगा. पत्र खरं तर यासाठीच होतं. रीगाचं एवढं पुराण लावलं ते इथवर यायचं लांबवता यावं म्हणून.

ता.क. दुसरं : पाकीट चिकटवत होतो आणि सओदतचाच फोन आला. म्हणाली, "रीगाबिगा मला फिरुझाने कधीच समजावलंय. मी काय खुळी आहे? रोज दाराआड चहा घेऊन उभी राहायचे. पोरीचा आवाज यायचा. नंतर बाळाचं रडणंही. आज हाक माराल, उद्या माराल म्हणून वाट पाहिली. तुम्ही आतून कडी घालून एकटेच हसत होता. म्हणून निघून आले."

मी पाकीट खाली ठेवलं.

"तिला दूध पुरतंय का, विचारलंत?"

"नाही."

"बाळाच्या डोक्याला तेल कोण लावतं?"

"नाही विचारलं."

"मग इतके दिवस बोलत काय होता? हवामान?"

(हवामानच बोलत होतो, अका.)

तेव्हा वरचं सगळं विसरा, तिला काही सांगू नका. फक्त तुमच्याही फोनमध्ये ते व्हीपीएन घालून ठेवा. मी उद्या पहिल्या टॅक्सीने येतोय, पत्र आज रात्रीच्याच टॅक्सीने पुढे धाडतो. दुपारी दिलरबोला फोन लावू. वहिनींना म्हणावं, ओट्यावर सओदतच्या शेजारी माझी गादी घाला, अगदी चिकटून. फोनचा पडदा लहान आहे, त्यात आम्ही दोघं मावलो पाहिजे.